दोन घमेली

त्या जुलैत, ऐन थंडीत, मारादेबेच्या घराकडे अख्ख्या गावाचे डोळे लागले होते. तिचा नातू मखुसेली वयात येण्याच्या विधीसाठी महिनाभर डोंगराकडच्या झोपडीत होता आणि शनिवारी पुरुष होऊन घरी येणार होता. तिकडे बायकांनी फिरकायचं नसतं, निरोपही पाठवायचा नसतो. त्यामुळे घरातल्या बायका महिनाभर नुसतं अंगण झाडत आणि डोंगराकडच्या धुराकडे बघत बसल्या होत्या.

सगळ्यांत जास्त बघत होती त्याची धाकटी बहीण झोलेका. वय वर्षं बारा. जाण्याच्या आदल्या दिवशी मखुसेली तिला म्हणाला होता, "आल्यावर मला तुझ्या हातचे माग्विन्या पाहिजेत. कच्चे राहिले तर परत डोंगरावर जाऊन बसेन." आजूबाजूचे हसले. पण झोलेकाने ते शब्द जिवाशी धरून ठेवले, कारण आता तो दादा होऊन येणार होता. त्याला नुसत्या नावाने हाक मारता येणार नव्हती, त्याच्या पाठीवर उडी टाकता येणार नव्हती. त्याच्या ताटातला तो तळलेला, बाहेरून तांबूस आणि आतून पावासारखा मऊ गोळा तेवढा तिचा असणार होता.

माग्विन्यांचं पीठ मळण्याचं काम तिच्याकडे आलं त्याला दोन वर्षं झाली होती. मारादेबेची मनगटं थंडीत दुखायला लागली, तेव्हा एका शनिवारी तिने घमेलं नातीपुढे सरकवलं आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसली. मारादेबे कधी रागावून शिकवत नसे. पीठ पातळ झालं तर म्हणायची, "आता त्यालाच विचार, काय हवंय तुला?" मग झोलेका बोट घालून बघायची आणि मूठभर मैदा टाकायची. शनिवारची ती सकाळ दोघींचीच असे.

आणि गुरुवारी केप टाउनच्या बसमधून पुमेझा उतरली.

पुमेझा धाकट्या काकांची मुलगी, झोलेकाहून वर्षाने मोठी. आमच्याकडे चुलत बहीण वगैरे काही नसतं. बापाच्या भावाची मुलगी ती सख्खीच, त्यामुळे मखुसेलीची बहीण म्हणून तिचा मान झोलेकाइतकाच. झोलेकाला हे पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि आपल्या आजीच्या अंथरुणात दुसऱ्या कुणाला तरी झोपलेलं बघणं वेगळं. पुमेझाच्या बारीक वेण्यांत निळे मणी होते आणि ती मान हलवायची तेव्हा ते वाजायचे. मारादेबे त्या मण्यांवरून हात फिरवून म्हणाली, "किती गं मोठी झालीस." झोलेकाला वाटलं, मी काय लहानच राहिले का?

शुक्रवारी सकाळपासून अंगणात गर्दी. एकीकडे मक्याची बिअर गाळणं चाललेलं, दुसरीकडे झोलेकाची आई मोठ्या पातेल्यात कुटलेला मका आणि घेवडा शिजवत होती. संध्याकाळी जमणाऱ्या माणसांसाठी आणि दुसऱ्या दिवसासाठी मिळून दोन घमेली पीठ लागणार होतं. झोलेकाने दोन्ही घमेली धुऊन, पुसून स्वयंपाकघरात मांडून ठेवली. पहिल्यात हात घालणार तोच मारादेबे म्हणाली, "एक तू घे, एक पुमेझाला दे."

"मी दोन्ही करीन, आजी."

"करशील की. पण ती काय हात बांधून बसेल?"

पुमेझाने बाह्या सरसावल्या. मैद्यात साखर, मीठ आणि यीस्ट टाकलं, पाणी हातावर घेऊन बघितलं आणि ओतलं. काही विचारलं नाही, काही मोजलं नाही. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही मुठी पिठात घातल्या आणि सबंध अंगाने मळायला लागली. मुठी आत गेल्या की पीठ बोटांवर चढायचं आणि मुठी उचलल्या की सुटून खाली यायचं. बिअर गाळणाऱ्या बायकाही दारातून बघायला लागल्या.

मारादेबे स्टुलावरून वाकली. "बघ गं झोलेका, मुठी कशा पडतायत."

"मीपण तशाच टाकते."

"टाकतेस. म्हणून तर तुला सांगते. ज्याला येतं त्यालाच बघून कळतं."

पण झोलेकाला त्यातलं 'बघ' तेवढंच ऐकू आलं. शेजारची मादलोमो, जिची जीभ गावात सगळ्यांना ठाऊक, चाळणी झटकत म्हणाली, "मारादेबे, तुझ्या घरात आता दोन सुगरणी. एक मला दे उसनी."

"कुठली देऊ?"

"ही केप टाउनवाली. झोलेका काय, हाकेवर आहे. पिकतं तिथं विकत नाही, बाई."

बायका हसल्या. पुमेझाही हसली. झोलेकाने ते हसणं नीट बघून ठेवलं.

तिने आपलं पीठ मळलं, पण लक्ष सगळं पलीकडच्या घमेल्यात. तिची बोटं गार पडली होती. समुद्राकडून येणारं वारं उघड्या दारातून थेट पाठीवर लागत होतं. पुमेझाचं पीठ आधी तयार झालं आणि मारादेबेने ते चुलीशेजारच्या जागेवर ठेवायला सांगितलं. ती जागा एकाच घमेल्याची. दर शनिवारी तिथे झोलेकाचं घमेलं असायचं. तिला हेही कळत होतं की ज्याचं आधी झालं त्याचं आधी ठेवायचं, यात आजीचं काही चुकलं नाही. तेच तर जास्त झोंबलं. आजीने मुद्दाम केलं असतं तर निदान रुसता तरी आलं असतं.

मारादेबे बाहेर मटणाचं बघायला गेली, तेव्हा झोलेकाने यीस्टची आणखी एक पुडी फोडून आपल्या पिठात टाकली आणि पुन्हा तिंबलं. मग घमेलं उचलून ती आतल्या खोलीत गेली.

आतल्या खोलीत मखुसेलीसाठी आणलेल्या वस्तू पलंगावर मांडल्या होत्या. नवे बूट, खाकी कपडे, काठी आणि सगळ्यांवर घडी घातलेलं तपकिरी चौकटीचं ब्लँकेट. डोंगरावरचं जुनं सगळं झोपडीसकट जाळून टाकायचं आणि हे नवं पांघरून घरी यायचं. ते डोंगरावर नेण्यासाठी थोरले काका चार वाजता येणार होते. झोलेकाचे वडील नव्हते, म्हणून हे काम काकांचं. पुरुषांनी नेईपर्यंत ब्लँकेटला कुणी हात लावायचा नाही, असं मारादेबेने बजावलं होतं.

घरातली बाकीची पांघरुणं पाहुण्यांच्या अंथरुणांत गेली होती. उरलं होतं ते विरलेलं एक. झोलेकाने त्यात हात घालून बघितलं, ऊब येईना. नव्या ब्लँकेटवर हात ठेवला तर लगेच ऊब. तिने विचार केला, तासभर फक्त. पुन्हा घडी घालून ठेवली की झालं. कोपऱ्यात घमेलं ठेवून तिने वरून ओलं फडकं टाकलं आणि ब्लँकेट चहूबाजूंनी गुंडाळलं, बाळाला गुंडाळतात तसं. वरून तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी टाकायची असते, पण ती आणायला स्वयंपाकघरात जावं लागलं असतं, आणि तिथे पुमेझा होती.

मग आईने तिला नळावर पाणी भरायला पाठवलं. नळावर रांग होती.

ती परत आली तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पुमेझा शाल शोधायला आत गेली होती आणि कोपऱ्यापाशी उभी होती. दुप्पट यीस्ट पडलेलं पीठ फडकं ढकलून घमेल्याबाहेर आलं होतं आणि लोकरीत शिरलं होतं. पुमेझाने ब्लँकेट उघडलं तसं ते दोऱ्या-दोऱ्यांनी ताणलं गेलं. चांगला हातभर पट्टा पांढरा आणि चिकट झाला होता.

झोलेकाने बादली टेकवली आणि तिथलं ओलं फडकं उचललं.

"पाणी नको लावू," पुमेझा म्हणाली. "आत भिनेल."

"तुला काय माहीत?"

"आमच्या घरातली सगळी पांघरुणं अशीच आहेत. आई रोज विकायला करते ना. मी पहाटे उठून मळते, मग शाळेत जाते. वर्गात पोरं म्हणतात, आली तेलाची बाटली." तिने नखाने एक गोळा उचलून काढला. "आधी मक्याचं पीठ चोळायचं. मग वाळलं की ब्रशने झाडायचं."

झोलेकाला हे ऐकायचं नव्हतं. मदत करणारी पुमेझा तिला मळणाऱ्या पुमेझाहून जास्त नकोशी वाटली. हिने ओरडून सगळ्यांना गोळा केलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात अंगणातून थोरल्या काकांचा आवाज आला. ते वेळेआधीच आले होते. सोबत आणखी दोघे होते आणि ब्लँकेट बाहेर द्या म्हणत होते.

पुमेझाने पटकन ब्लँकेटची घडी घातली, डाग आत जाईल अशी. वरून बघितलं तर काही कळत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "देऊन टाकू? मी देते. तुझं पीठ मी झाकून ठेवते."

झोलेका घडीकडे बघत राहिली. दिलं तर तिचं घमेलं वाचत होतं, उद्या मखुसेलीच्या ताटात तिचे माग्विन्या पडत होते. पण हे ब्लँकेट सगळ्या पुरुषांसमोर उघडलं जाणार, आणि तो डाग त्याच्या खांद्यावर बसणार. महिनाभर थंडी सोसून तो बाहेर येणार आणि अंगावर वाळलेलं पीठ. आणि हे सांगितलं, तर तिचं पीठ जाणार. लोकरीचे तंतू गेलेलं पीठ पाहुण्यांना कोण घालेल? मग ताटात राहणार ते फक्त पुमेझाचे.

हा शेवटचा विचार तिला सगळ्यांत जड गेला. काकांनी दुसऱ्यांदा हाक मारली. तिने पुमेझाच्या हातातून ब्लँकेट ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आजीपुढे उलगडलं.

मारादेबेने डाग बघितला. बोटांत धरून चोळला. मग दारातून बाहेर डोकावून म्हणाली, "थोरल्या, आलास तसा चहा घे. चहा न घेता माझ्या घरातून कुणी डोंगरावर जायचं नाही." काका म्हणाले, उशीर होईल. मारादेबे म्हणाली, डोंगर कुठे पळून जात नाही. पुरुष मुकाट्याने बाकावर बसले.

आत वळून तिने विचारलं, "पुड्या किती टाकल्यास?"

"दोन."

"कशाला?"

झोलेकाची नजर चुलीशेजारच्या घमेल्याकडे गेली. मारादेबेने तिच्याकडे बघितलं, मग पुमेझाकडे, आणि पुन्हा विचारलं नाही. मक्याच्या पिठाचा डबा पुढे ठेवला. "दोघी दोन बाजूंनी चोळा. घाई नको. लोकर विस्कटेल. मी त्यांना दुसरा कप देते."

दोघी समोरासमोर बसून चोळत राहिल्या. बाहेर मारादेबे काकांना त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. त्यांतल्या बऱ्याचशा काकांना नको असलेल्या होत्या, कारण सोबतचे दोघे मोठमोठ्याने हसत होते. ब्लँकेट बाहेर गेलं तेव्हा तो पट्टा जरासा फिका दिसत होता, माहीत असलेल्यालाच दिसावा असा. काकांनी ते खांद्यावर टाकलं, एकदा वास घेतला, म्हाताऱ्या आईकडे बघितलं आणि निघाले.

झोलेकाचं पीठ मागच्या दाराने डुकरांना गेलं. ते तिनेच नेऊन ओतलं. मारादेबेने तिला तळायलाही बसू दिलं नाही. "आज तेलाजवळ नको. तुझं मन ठिकाणावर नाही, भाजशील." कढत तेलात पुमेझाचे गोळे पडत, तळाशी जात, मग फुगून वर येत आणि आपसूक कुशीवर वळत. झोलेका कांदा चिरत बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

शनिवारी मखुसेली आला. चेहऱ्यावर लाल माती, नजर खाली, चाल हळू. म्हाताऱ्या पुरुषांनी त्याला चटईवर बसवून उपदेश केला, आयाबायांनी गाणी म्हटली. मग ताट आलं. मटण, मका-घेवडा आणि कडेला माग्विन्या. झोलेका दाराशी बायकांच्या मागे उभी होती. त्याने एक उचलला, मोडला, खाल्ला. दुसरा उचलला. त्याच्या गालावरची माती हलली, आणि तिला कळलं की त्याला आवडलाय. तिला वाटलं, एखादा तरी कच्चा निघायला हवा होता.

एका म्हाताऱ्या आत्याने विचारलं, "कुणाच्या हातचे गं हे? कापसासारखे झालेत."

पुमेझा म्हणाली, "आम्ही दोघींनी केले."

"नाही," झोलेका म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला, सगळ्यांनी वळून बघितलं. "हिने केले. माझे बिघडले."

मखुसेलीने डोळे वर केले नाहीत. त्या दिवशी त्याने बघायचं नसतं. त्याने फक्त तिसरा माग्विन्या उचलला.

दुपारी अंगणात गाणी रंगात आली तेव्हा दोघी मागच्या बाजूला तेलकट घमेली घासत बसल्या होत्या. मग झोलेका घमेल्याकडे बघतच म्हणाली, "पाणी किती कोमट घेतेस तू?"

"नाही सांगणार."

झोलेकाने मान वर केली.

"सांगितलं की तुझेही माझ्यासारखे होतील," पुमेझा म्हणाली. "मी सोमवारी बसने जाणार. तू इथेच आहेस. आजी तुझ्या शेजारी स्टुलावर बसते. माझ्या शेजारी कुणी बसत नाही. आई म्हणते, आटप. एवढंच म्हणते." तिने घमेलं उपडं केलं आणि तळ घासायला लागली. "हे एक तरी माझ्याकडे राहू दे."

झोलेकाने पुन्हा विचारलं नाही. आपल्याकडे असलेलं काहीतरी दुसऱ्या कुणाला हवं आहे, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते थोडं आवडलंही. तिने घासण्यासाठी राख पुढे सरकवली. थोड्या वेळाने मारादेबे काठी टेकत मागे आली, तेव्हा झोलेका उठली, आतून स्टूल आणलं आणि पुमेझाच्या बाजूला ठेवलं. अगदी जवळ नाही. थोडंसं आपल्याही बाजूला.