यात एखादं रोप छान दिसेल

एव्हिसने कप उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला, पुन्हा सरळ केला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. तो कप घडवणारा तिचा नवरा, क्लिफ, समोर उभा होता. त्याने डोक्यावरची टोपीही अजून काढली नव्हती. उजवा हात कोटाच्या खिशात कोंबलेला होता. मागच्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तो हात लोकांसमोर बाहेर काढायचा नाही असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. आज तर तो घरातही खिशातच होता.

कपाचा कान वाकडा होता. वरचं टोक एकीकडे, खालचं चांगलं बोटभर दुसरीकडे. जिथे तो चिकटवला होता तिथे मातीचा गोळा तसाच राहिला होता. कप भट्टीत टिकला कसा याचंच नवल.

"यात एखादं रोप छान दिसेल," एव्हिस म्हणाली.

बोलून गेली आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. क्लिफने मान डोलावली. टोपी काढून खुंटीला लावली.

"हो, दिसेल की," तो म्हणाला आणि मागच्या अंगणात निघून गेला.

या वाक्याचा अर्थ इंग्लंडातल्या बर्स्लेममध्ये शेंबड्या पोरालाही कळतो. गाव सगळं कपबशांचं. तिथली माणसं मयताच्या चहालाही गेली तरी आधी बशी उलटी करून खालचा शिक्का बघतात, मग रडतात. आणि एखाद्याने हाताने केलेली वस्तू वाईट आहे असं त्याच्या तोंडावर म्हणायचं नाही, ही तर इंग्रज माणसाची जन्माची खोड. मेहुणीने विणलेला स्वेटर ढगळ झाला तर तो बागकामाला अगदी सोयीचा असतो. शेजारणीचा केक दगड झाला तर तो चहात बुडवून फार छान लागतो. आणि कप, सुरई, चहाची किटली, काहीही बिघडलेलं असलं की त्यात एखादं रोप छान दिसतं. ऐकणारा आभार मानतो, घरी जातो आणि मुकाट्याने रोप लावतो.

एव्हिस हे वाक्य कारखान्यात शिकली होती. अडतीस वर्षं तिने तपासणीच्या खोलीत काढली. लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना बायका, प्रत्येकीच्या हातात बोटभर लाकडी दांडी. कप उचलायचा, दांडीने टिचकी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर चांगला. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो. चांगल्यांची एक रांग, दुय्यमांची दुसरी आणि उरलेले मोडीच्या पिंपात. तिथे मिसेस ब्राफ म्हणून मुकादम बाई होत्या. मालकांच्या भाच्या-पुतण्या हौसेने कप रंगवायला यायच्या, तेव्हा त्यांना काय सांगायचं ते मिसेस ब्राफनीच पोरींना पढवलं होतं. पण त्याबरोबर एक ताकीदही दिली होती. हे वाक्य पाहुण्यांसाठी. ज्यांच्याकडून आपल्याला काही नको, त्यांच्यासाठी. कामगाराला चुकूनही म्हणायचं नाही. त्याला दोष सांगायचा आणि जागेवर बोट ठेवून सांगायचा.

क्लिफ तिथलाच कामगार होता. कपांना कान लावायचा. एव्हिस नवी होती तेव्हा एका आठवड्यात तिने त्याचे सात डझन कप मोडीत काढले होते. तो लालबुंद होऊन जिना चढून वर आला, ही कोण टिकोजीराव ते बघायला. तिने एकेक कप हातात देऊन कानाची चूक दाखवली. तो भांडला, मग बघायला लागला. पुढच्या शुक्रवारी स्वतः कप घेऊन आला आणि सिनेमाला येतेस का म्हणून विचारलं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, तेवढ्या काळात एव्हिसने त्याच्या फळ्या, त्याचं रंगकाम, त्याचं गाणं, सगळ्यातल्या चुका बोट ठेवून दाखवल्या होत्या. तो उलटून बोलायचा आणि दुरुस्त करायचा. रोपाचं वाक्य त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कप स्वयंपाकघरातल्या खिडकीत होता, आणि त्यात जिरेनियमची एक फांदी खोचलेली होती.

एव्हिसने फांदीभोवतीची माती बोटाने दाबून बघितली. काही बोलावं असं तिला फार वाटलं, पण काय बोलणार? छान नाहीये म्हणावं, तर आजारातून उठलेल्या माणसाला ते कसं ऐकवायचं. छान आहे म्हणावं, तर त्याने आयुष्यभर कानच लावले आहेत, तो काय आंधळा आहे. तिने रोपाला पाणी घातलं. रोज घालत राहिली. ते मेलं रोप जोमात वाढलं.

क्लिफ दर गुरुवारी दुपारी चर्चच्या हॉलमधल्या मातीकामाच्या वर्गाला जायचा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, हाताला व्यायाम म्हणून. त्या कपानंतरही तो जात राहिला, पण घरी काही आणेना. काय केलं म्हणून विचारलं की म्हणायचा, माती मळली. आठवड्यामागून आठवडे माणूस नुसती माती मळतो म्हणजे काय, हे एव्हिसला समजेना. त्याच्या नखांत माती असायची, पण ती डाव्या हाताच्या नखांत. हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. उजव्या हाताने आता काम होत नसेल, असं तिने धरलं आणि तो विषय मनातच ठेवला.

एका शनिवारी ओटकेकच्या, म्हणजे ओटच्या धिरड्यांच्या, दुकानात रांगेत वर्गात शिकवणारी बाई भेटली. बेथनी, पंचविशीची, केस हिरवे. एव्हिसने सहज विचारल्यासारखं विचारलं, आमचे हे करतात तरी काय तिथे? बेथनी म्हणाली की क्लिफकाका सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात शेवटी जातात. एकदा त्यांनी कान कसा जमलाय म्हणून विचारलं, तर ती 'अप्रतिम' म्हणाली. त्यावर त्यांनी फार नम्रपणे आभार मानले आणि तो कप ओल्या मातीच्या बादलीत टाकून दिला.

"माझं काही चुकलं का हो?" बेथनीने विचारलं.

"नाही गं बाळा," एव्हिस म्हणाली. "तू सभ्य आहेस."

ओटकेकची पुडी घेऊन ती घरी आली. वाटेत दोनदा तिला वाटलं की आज सरळ विषय काढावा. घरी क्लिफ वर्तमानपत्र वाचत बसला होता. तिने चीज किसलं, ओटकेक भाजले आणि विषय काढला तो छप्पर गळतंय याचा.

मेच्या शेवटच्या गुरुवारी क्लिफ एक खोका काखेत मारून घरी आला. डाव्या हाताने त्याने एकेक करून सहा कप टेबलावर मांडले. वर्गाचं प्रदर्शन आहे म्हणाला, विक्री आहे, बेथनीने पाठवलेत. कुठले ठेवायचे, कुठले नाही, ते तू सांगायचंस.

"कुणाकुणाचे आहेत?"

"सगळ्यांचे. नावं लिहिलेली नाहीत, लिहायचीही नाहीत. कारखान्यात तरी तुला कुठे नावं माहीत असायची?"

हे खरं होतं. एव्हिसने चष्मा लावला. क्लिफ खुर्ची ओढून बसला, टेबलापासून जरा लांबच.

पहिला कप एका बाजूला कलंडला होता. याचा निळा रंग सुरेख आहे, ती म्हणाली. दुसरा इतका जड की चहा न भरताच मनगट दुखावं. यात पेन्सिली छान राहतील. तिसऱ्यात रोप, चौथ्यातही रोप.  एव्हिसने पाचवा कप उचलला, उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला.

अंगठा थांबला. तिने पुन्हा फिरवला.

मग ती उठली आणि कपाटाच्या खणात, सुतळी नि मेणबत्त्यांच्या खालून, आपली जुनी लाकडी दांडी काढून आणली. निवृत्त झाल्यापासून ती दांडी बाहेर आली नव्हती. तिने कप तळहातावर धरून टिचकी मारली, मान तिरकी केली, पुन्हा मारली.

"बद्द," ती म्हणाली.

"हं."

"हं काय? हा कुणी केलाय? याला काम येतं." तिचा आवाज चढला होता. "बूड बघ, कसं कापलंय. ओठ बघ. आणि एवढं करून कानाशी हयगय केलीय. खालचा सांधा केसभर डावीकडे गेलाय, आणि तिथेच चीर आहे. दिसत नाही, पण आहे. कप फार सुकल्यावर ओला कान लावलाय याने. थांबायला नको होतं, नाहीतर कपही ओला ठेवायचा. हे त्याला माहीत असणार, म्हणून तर राग येतो."

"नवशिका असेल."

"नवशिका कसला. खाली अंगठ्याने दाबून बसवलाय, ही कारखान्यातली रीत आहे. फक्त उलट्या बाजूने दाबलाय. डावखुरा असेल कुणीतरी."

क्लिफने पाय लांब केले. "दुय्यममध्ये चालेल?"

"नाही."

"एखादं रोप?"

"रोप?" एव्हिसने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "असं काम करणाऱ्या माणसाला रोप सांगायचं? थोबाडीत मारल्यासारखं होईल ते. त्याला म्हणावं, मोडून टाक आणि पुन्हा कर. दहा कर. चार-दोन महिन्यांत एक तरी पहिल्या प्रतीचा निघेल."

"असं म्हणतेस."

"मी अडतीस वर्षं हेच म्हणत होते."

क्लिफ उठला. तिच्या हातातून त्याने तो कप घेतला, डाव्या हाताने, कानात बोट न घालता, कामगार धरतात तसा बुडाखालून. मागचं दार उघडून तो अंगणात गेला. एव्हिस सहावा कप उचलत होती, तेवढ्यात बाहेर कचऱ्याच्या पिंपाच्या काठावर काहीतरी आपटून फुटलं आणि तुकडे आत पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या कुणाचा कप असा न विचारता कोणी फोडत नाही.

 सहावा कप तिने न बघताच खाली ठेवला. डाव्या नखांतली माती तिला आठवली, बादलीत गेलेला तो अप्रतिम कप आठवला, आणि आपण आत्ता काय काय बोललो ते शब्दन् शब्द आठवलं. बाहेर क्लिफ शीळ घालत होता. झटक्यानंतर ओठ एका बाजूला ओढले गेले होते, त्यामुळे शिळेत अर्धी हवाच होती, आणि सूर तर त्याला कधीच नव्हता.

एव्हिस खिडकीशी गेली. कपातलं जिरेनियम तिने मुळांसकट हलकेच उपसलं आणि जॅमच्या रिकाम्या बरणीत ठेवलं. नळाखाली कप धुतला, पुसला. दांडीने एक टिचकी मारली. ऐकायची गरज नव्हती, तरी ऐकली.

क्लिफ दारात आला तेव्हा तिने तो कप त्याच्यापुढे धरला.

"कान वाकडा आहे," ती म्हणाली. "बोटभर. आणि सांध्याला गोळा राहिलाय. हाही मोडीत."

क्लिफने कपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. आता कुठे त्याने उजवा हात खिशातून काढला, आणि दोन्ही हातांनी तो कप घेतला.

"तीन महिने लागले तुला," तो म्हणाला, आणि पुन्हा अंगणाकडे वळला.