कोठीतली वही

धंतोलीतल्या त्या खासगी दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा तो पुरवणाऱ्या कंपनीच्या मनोहररावांनी रक्तदात्यांची यादी सांभाळणाऱ्या गिरिधरकडून लिहून घेतलं, की यादीची दुसरी प्रत कुठेही नाही. यादी उघडायला कंपनीची एकुलती एक मूळ फ्लॉपी घालावी लागे.

"ती बिघडली तर, साहेब?"

"कंपनीची वस्तू बिघडत नसते. जुनी वही रद्दीत घाल. प्रत ठेवणं म्हणजे चोरी, समजलं का गा?"

गिरिधरने मान हलवली आणि वही घरी नेऊन गव्हाच्या कोठीत दडवली.

खंडेनवमीला आया रंभाबाईने कात्र्या, चिमटे यांच्यासोबत फ्लॉपीचीही पूजा केली. तिच्या उघड्या खाचेत चिमूटभर हळदकुंकू वाहिलं. "तिलेच काहून सोडू? सारं तिच्यातच आहे म्हणता ना!"

दसऱ्याच्या दुपारी ट्रकने उडवलेले मनोहरराव स्ट्रेचरवरून आले. रक्त ओ निगेटिव्ह. गावातल्या एकाही रक्तपेढीत बाटली नाही. गिरिधरने फ्लॉपी घातली. मशीन खरखरलं आणि मूळ फ्लॉपी मागत बसलं.

तो मनोहररावांच्या कानाशी वाकला. "साहेब, वही आहे. घरी."

"आण ना मग! मरून राहिलो मी!"

"पण नाही म्हणून लिहून दिलंय. तुमची लेखी परवानगी लागेल."

"तोंडी... तोंडी घे गा."

"तोंडी चालत नाही, म्हणून तर तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलं होतं." गिरिधरने दोन कागदांमध्ये कार्बन सरळ लावला. "एकाच नावापुरती, की सगळ्या यादीची?"

"सगळ्या!"

मनोहररावांनी कशीबशी सही ओढली.

"तारीख राहिली, साहेब."

वहीत नाव सापडलेले एक शाळामास्तर सक्करदऱ्याहून सायकल मारत आले, रक्त दिलं, आणि मनोहरराव वाचले. आयुष्यात कधी कुणाला न दरडावलेल्या गिरिधरला पुढचे पंधरा दिवस जेवण गोड लागलं.

मग कंपनीची नोटीस आली. करारभंग, वही जप्त; तिला भिऊन दवाखान्याने नोकरीही बंद केली. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाची सही कंपनीला मान्य नव्हती. पण त्याच परवानगीच्या कागदावर वही घरी असल्याची कबुली गिरिधरच्याच वळणदार अक्षरात होती, ती मान्य होती.

वही न्यायला मनोहरराव काठी टेकत स्वतः आले.

"तो कागद तुमच्याकडे आला कसा, साहेब?"

"दुसरी प्रत तूच तर माझ्या खिशात घातली गा," मनोहरराव वहीवरचे गव्हाचे दाणे झटकत म्हणाले. "नियमाप्रमाणे."