चादरीची दोन टोकं

लॉन्ड्रीतल्या यंत्रातून ओल्या चादरींचा गठ्ठा चाकांच्या गाडीत पडला की धाकटी झेपावायचीच. मावशींचा हात गाडीला लागायच्या आत गाडी तिच्या ताब्यात. कामावर दोघींची जोडी होती. चादर झटकायची, कोपरे जुळवायचे आणि दोन टोकं धरून गरम रोलरमध्ये सरकवायची. मावशी इथल्याच, केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तिखट. धाकटी परदेशातून आलेली. तिची चाचणीची मुदत उद्या संपत होती. नोकरी पक्की झाली तरच लेकीला इकडे आणायची परवानगी मिळणार होती. लेक आजीकडे होती आणि हल्ली फोनवर "कधी?" असं विचारायचीही बंद झाली होती.

म्हणून धाकटी जीव तोडून राबायची. तरी मावशींचा चेहरा दिवसेंदिवस आंबटच होत चालला होता.

आज तिनं गाडी ओढली, तर मावशींनी ती दुसऱ्या बाजूनं घट्ट धरून ठेवली.

"सोड."

"मावशी, तुम्ही बसा ना. मी आणते."

"बसा, बसा! रोज तेच! मालकीण काचेतून बघत असते. ही एकटीच सगळं ओढते म्हटल्यावर या म्हातारीला कशाला पोसेल ती? माझी पेन्शन अजून लांब आहे, बाई."

हे धाकटीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आमच्याकडे मोठ्यांनी जड उचललं आणि लहान माणूस नुसतं बघत राहिलं, तर लोक त्याच्या आईबापांचा उद्धार करतात. मला वाटलं, हिला काही वळणच नाही, असं म्हणाल तुम्ही."

मावशी खो-खो हसत सुटल्या. "अगं, आणि मी सगळ्यांना सांगत फिरतेय, ही माझ्या पोटावर पाय द्यायला आलीय म्हणून!"

"मालकीणबाईंनाही?"

मावशींचं हसू मावळलं. "तिलाच आधी."

त्या हात पुसत काचेच्या खोलीकडे निघाल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, "गाडीला हात लावलास तर बघ."

काचेपलीकडे मावशींचे हातवारे दिसत होते. मालकिणीनं एकदा मान वर करून इकडे पाहिलं. गाडीतून पाणी ठिबकत होतं. ती ढकलायला धाकटीचे हात शिवशिवत होते, पण तिनं ते मागे बांधून ठेवले.

मावशी परत आल्या त्या घुश्शातच. "ठेवतेय तुला. पण मला विचारते कशी, 'काल एक सांगता, आज भलतंच, झालंय काय तुम्हाला?' म्हटलं, अक्कल उशिरा आली." त्यांनी गाडीची एक कड धरली. "आता रडतेस काय? धर तिकडून."

दोघींनी गाडी ढकलली. एक चाक करकरत होतं.

"लेक केवढी झाली गं?"

धाकटीनं एक हात सोडून कमरेपाशी उंची दाखवली. मग जरा थांबली आणि अंदाजानं तो हात थोडा वर नेला.