पुसून लिहायची चकती

आमचे जावई राजशेखर नांदेडच्या कॉलेजात काचेचे मास्तर. खिडकीची काच नव्हे, सीडीच्या आत असते म्हणे ती. तिच्यावर डॉक्टरकी मिळवली, पण साधा ताप उतरवता येत नाही.

आमचे मालक मलप्पा लातूरच्या आडतीत सौदा पुकारायचे. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतला व्यापारी ताटावरून उठून यायचा. तो आवाज एका चकतीवर उतरवलेला होता. मालक गेल्यावर ती मी देवघरात लिंगाशेजारी ठेवली, दर सोमवारी विभूती लावली. माझ्या लेकाची, वीरेशची पोरगी अक्षरा त्यांच्यामागं जन्मली. पुण्यस्मरणाला तिला एकदा आजोबा ऐकवायचे, एवढंच माझं मागणं. जावयांनी नांदेडाहून चकती वाजवायचं जुनं यंत्र आणलं, टीव्हीला जोडलं.

पाहुणे बसले. बटण दाबलं, तर पडद्यावर वीरेश. गळ्यात हार, हातात चाकू, पुढ्यात केक.

"हे काय रे?"

"आई, देवघर झाडताना सापडली होती. वर नाव नव्हतं. मला वाटलं, कोरी हाय."

"लिंगाशेजारच्या वस्तूला नाव लागतंय व्हय, गाढवा? विभूती दिसली न्हाई?"

"पुसून घेतली की."

जावयांना चेव आला. "मामी, हिच्या आत धातूंची पातळ परत असते. लेसरनं ठिपका वितळवून झटकन गार केला की काच होते. बेतानं तापवला की दाणे धरतात. त्यातच सगळं लिहिलेलं असतं."

"म्हणजे साखरेचा पाक. मग खाली मालकांचं काही उरलं का?"

"नाही, मामी. नवं लिहिताना जुनं मोडतं."

"एवढ्यासाठी डॉक्टरकी?"

वीरेश पुढं सरकला. "आई, माझा आवाज अप्पांवानीच हाय म्हणत्यात."

"तुझा आवाज केक मागायला बरा. ही चकती ज्वारीत टांग. पाखरं तरी भितील तुला."

तेवढ्यात अक्षरानं पदर ओढला. "आज्जी, आजोबा कसे ओरडायचे?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी पदर खोचला, ओसरीवर उभी राहिले आणि पुकारलं, "या हो या! तूर निघाली, तूर! बोला शेठ, बोला!"

सुनेनं मान खाली घातली. माझा आवाज मध्येच फाटला. मालकांचा कधी फाटला नव्हता.

"परत," अक्षरा म्हणाली.

आता रोज पुकारते. वीरेश दुपारी आडवा झाला, की मुद्दाम त्याच्या उशाशी. अक्षराचं पाठ होत आलंय.