कडुबाच्या पायामागचे बळ

मित्रांनो, जुन्या डिझेल जीपचे बॉनेट उघडले, की ड्रायव्हरच्या बाजूला पत्र्याला घट्ट बसवलेला एक काळा, गोल, पातेल्याएवढा डबा दिसतो. तो मी. मला ब्रेकचा बूस्टर म्हणतात. खरे तर कुणी काहीच म्हणत नाही, कारण माझ्याकडे पाहायची वेळ फारशी येत नाही.

धावती गाडी थांबवायला फार जोर लागतो. एकट्या पायाला तो झेपत नाही. माझ्या पोटात रबराचा एक पडदा आहे. इंजिन चालू झाले, की डायनामोच्या मागचा एक छोटा पंप माझ्या पोटातली हवा ओढून घेतो. पंपापासून माझ्यापर्यंत एक रबरी नळी येते. तिच्या टोकाला झडप असते. ती हवा बाहेर जाऊ देते, परत आत येऊ देत नाही. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, की पडद्याच्या मागे बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला रिकाम्या बाजूकडे जोरात ढकलते. हा जोर पायाच्या जोराला जाऊन मिळतो. माणसाला वाटते, आपणच गाडी थांबवली. वाटू द्यावे. त्यात माझे काही जात नाही.

कडुबाने आमची जीप घेतली, तेव्हा ती दोन मालक पाहून आलेली होती. कडुबा चितेगावचा. पूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. मोटारसायकल घसरून त्याचा उजवा पाय मोडला. डॉक्टरांनी आत सळई घातली. पाय जुळला, पण पाळीभर उभे राहणे जमेना आणि नोकरी सुटली. घरी बायको मालनबाई आणि शाळेत जाणारी मुलगी मेघा. आसपासच्या गावांतल्या बायकांना चितेगावच्या कंपन्यांत सोडायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, असे काम त्याने धरले.

पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर भीतभीतच बसला. थोडे अंतर जाऊन त्याने ब्रेक दाबला. जीप अलगद थांबली. पुन्हा थोडी चालवली, पुन्हा दाबला. मग खिडकीतून डोके बाहेर काढून ओरडला, "मालन, ही गाडी माझ्या पायाचं ऐकती गं!"

मित्रांनो, ती आमची चांगली वर्षे होती. काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेली आमची जीप सगळ्या बायका लांबून ओळखत. भामाबाई नावाची एक वयस्क बाई नेहमी पुढच्या सीटवर बसे. ती म्हणायची, "कडुबाभाऊ, तुमच्या गाडीत मांडीवरच्या डब्यातलं कालवणबी हलत नाय."

"पायात लोखंड हाय मावशी, म्हणून!" कडुबा म्हणे, आणि सगळी जीप हसे. ज्या पायाने नोकरी घालवली, त्याचेच आता कौतुक होत होते.

वर्षानुवर्षे इंजिनाची उष्णता आणि तेल खाऊन ती रबरी नळी कडक झाली. खालच्या बाजूने, तिला आवळून धरणाऱ्या पट्टीजवळ तिला चीर पडली. पंप माझ्या पोटातली हवा ओढायचा सोडून त्या चिरेतून बाहेरचीच हवा ओढू लागला. फुस्स असा बारीक आवाज येई, पण डिझेल इंजिनाच्या गडगडाटात तो कुणाला ऐकू जाणार? माझे पोट रिकामे होईना. ब्रेक दिवसेंदिवस जड होत गेला.

कडुबाने कुणाला सांगितले नाही. तो नुसता जास्त जोर लावत राहिला. संध्याकाळी अंगणात बसून पायाला तेल चोळी. मालनबाई म्हणे, "सळई घातलेला पाय, दुखणारच की."

एका संध्याकाळी बिडकीनच्या बाजूला वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. कडुबाने ब्रेक दाबला. मग दोन्ही पायांनी दाबला. मी माझ्यापाशी होते नव्हते ते सगळे दिले, पण माझ्यापाशी फारसे उरलेच नव्हते. त्याने स्टिअरिंग वळवले आणि जीप बाभळीला धडकून थांबली. मेंढ्या वाचल्या. भामाबाईचे कपाळ फुटले. पदराने रक्त दाबत ती म्हणाली, "माझं जाऊ द्या. भाऊ, तुम्हाला लागलं का?"

कडुबाचे दोन्ही पाय अजून ब्रेकवरच होते.

गॅरेजवाल्या सुदर्शनने चाके खोलली. मग तेल पाहायला बॉनेट उघडले. ब्रेकच्या तेलाची डबी माझ्या अगदी पुढेच असते. त्याचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. पण इंजिन बंद होते, म्हणून चिरेचा आवाजही बंद होता.

"चाकातले ब्रेकचे लायनर चांगले हायेत, तेल भरलेलं हाय," सुदर्शन म्हणाला. "भाऊ, राग नका मानू. पायच साथ देत नसंल आता."

सोबत आलेली मालनबाई हळूच म्हणाली, "बाया विश्वासानं बसतात हो. ठेवून द्या किल्ली."

कडुबाने पायाकडे पाहिले. "व्हय," एवढेच तो म्हणाला.

जीप पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. सुरुवातीला कडुबा सकाळी येऊन काच पुसायचा. नंतर तेही थांबले. दारातल्या बाजेवर तो बसून असे. पाणीसुद्धा उठून घेईनासा झाला. कुणी दुकानाला पाठवले तर म्हणे, "पाय गेलाय माझा." त्याचा आवाज शेडमध्ये ऐकू येई आणि मला वाटे, एकदा, फक्त एकदा कुणी इंजिन चालू करावे आणि कान द्यावा.

तीन वर्षे गेली. मेघा वाळूजला नोकरीला लागली, गाडी शिकली. एका रविवारी तिने नवी बॅटरी आणून जीप चालू केली. अंगणातच पुढे घेतली आणि ब्रेक दाबला. जीप जाऊन भिंतीला टेकली. तिने पुन्हा दाबून पाहिले.

"बाबा," तिने हाक मारली, "माझ्या पायात तर सळई नाय. मग माझ्यानंबी ब्रेक का दबत नाय?"

कडुबा बाजेवरून उठून बसला.

चालू इंजिनावर मेघाने बॉनेट उघडले आणि कान लावला. नळीखालून हात फिरवला. चिरेने तिचे बोट ओढून धरले. ती ओरडलीच, "आई, पाय नव्हता गं! नळी होती!"

मालनबाई शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. "म्या म्हणलं होतं, किल्ली ठेवा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

नवी नळी बसली. माझे पोट पुन्हा रिकामे झाले. कडुबाला सीटवर बसवले. त्याने ब्रेक दाबला, तसा तो लोण्यासारखा खाली गेला. त्याच्या चेहऱ्यावर जुने हसू आले. जीप अंगणातून निघाली. पण मित्रांनो, तीन वर्षे बसून तो पाय काडीसारखा झाला होता. फाटकाशी पाय उचलून ब्रेकवर नेईपर्यंत उशीर झाला. शेजारी बसलेल्या मेघाने हँडब्रेक ओढला.

कडुबाने इंजिन बंद केले. "ब्रेक बरा झाला पोरी," तो म्हणाला. "पाय आता खरंच गेला."

पुढे सुट्टीच्या दिवशी मेघा जीप चालवी आणि कडुबा डावीकडे बसे. वळण आले, की त्याचा उजवा पाय समोरचा नुसता पत्रा दाबायचा. तिथे ब्रेक नव्हता. त्या पायाला मी काही मदत करू शकत नव्हतो. गेल्या थंडीत कडुबा वारला. मेघा आता एकटीच चालवते.

मित्रांनो, जुन्या गाडीची रबरी नळी वेळच्या वेळी बदला. ती फार मोठी वस्तू नाही. आणि घरातले कुणी म्हणाले, 'हल्ली फार जड जातंय,' तर त्याचे वय झाले असे लगेच सांगू नका. त्याच्या जागी बसून एकदा स्वतः दाबून पाहा.