एक शून्य कमी पडलं

मित्रांनो, मला जरा हळू सरकवा. माझी मधली पट्टी आता अडखळते, आणि ती अडखळली की सगळं अंग दुखतं. मी एक जुनी गणनपट्टी आहे. स्लाइड रूल म्हणायचे मला. तुमच्या हातात बटणांची यंत्रं आली त्याच्या आधी मोठमोठे गुणाकार-भागाकार माझ्यावर व्हायचे.

जपानातल्या बांबूच्या तीन पट्ट्या, वर पांढरा थर, त्यावर केसासारख्या बारीक रेघा आणि पुढेमागे सरकणारी एक काच, एवढंच माझं शरीर. उणीव मात्र जन्मापासूनची. मी आकडा सांगते, शून्यं सांगत नाही. वीस असोत, दोनशे असोत की वीस कोटी, माझ्यावर दिसणार ते फक्त दोन. पुढची शून्यं माणसानं आपली आपण सांभाळायची.

औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या नानासाहेबांकडे मी आले. सुरुवातीला माझे फार लाड झाले. कातडी म्यानातून सर मला बाहेर काढत, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं माना उंच करून बघत. मग एका उन्हाळ्यात सरांनी मला द्वारकेच्या हातात दिलं.

द्वारका एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिची सरू तेव्हा नुकती बसायला लागली होती. नवरा पुंजाराम पैठणला धरणाच्या कामावर, आणि घरात सासूबाई, गंगापूरच्या साळूबाई. सूर्य नुसता उजेड देत नाही, मित्रांनो. त्याच्यातून अतिसूक्ष्म कणांचा वाराही सारखा वाहत असतो. तो मंगळापर्यंत पोचला की तिथल्या नखाएवढ्या जागेवर एका सेकंदात किती कण येऊन पडतात, हे द्वारकेला काढायचं होतं. सरांनी बजावलं होतं, "सोमवारी उत्तर दाखवा, नाहीतर यंदाची परीक्षा विसरा." परीक्षा झाली की बिऱ्हाड पैठणला हलणार होतं. यंदा राहिलं की कायमचंच राहिलं, हे ती ओळखून होती.

रविवारी दुपारी ती मला घेऊन फरशीवर बसली. डोळे चुरचुरत होते. सरूचे दात येत होते, त्यामुळे घरात कुणाचीच झोप झालेली नव्हती. समोर साळूबाई वर्षाची चिंच फोडत होत्या.

"त्या मंगळावर कोण ऱ्हातं गं?"

"कुणीच नाही, आत्याबाई."

"मग एवढा जीव कशापायी काढती? हितं जित्ती माणसं हायेत, त्यांच्या भाकरी व्हायच्यात."

"हे शेवटचंच गणित आहे."

"कालबी शेवटचंच व्हतं."

द्वारका हसली, पण दमल्यासारखी. सरू शेजारी असली की हाताला येईल तो कागद टरकावायची, म्हणून शून्यांसाठी द्वारकेनं चिंचोके घेतले. एका शून्याला एक चिंचोका, असे ओळीनं मांडत गेली. तेवढ्यात नळाला पाणी आलं. साळूबाई हंडा घेऊन धावल्या. "हिच्याकडं बघ गं," जाताना म्हणाल्या.

द्वारका बघतच होती की! ती तर झोपेतही बघायची. सरूच्या पायात वाळे होते. ते वाजत आहेत तोवर पोर शेजारी आहे, ठीक आहे, हा तिचा भरवसा. वाळे छुमछुमत होते. ती मला सरकवत होती.

अंदाज तिनं आधीच घेऊन ठेवला होता. पृथ्वीपाशी कण वीस कोटी. मंगळ सूर्यापासून पृथ्वीच्या साधारण दीडपट लांब. लांब जाता जाता कण उभे-आडवे दोन्हीकडे पसरतात. दीड गुणिले दीड, सव्वादोन. म्हणजे निम्म्याहून कमी, आठ-नऊ कोटी.

नेमकं अंतर धरल्यावर माझ्यावर आठ-सहा-सहा आले. तिनं चिंचोके मोजून शून्यं लावली. शहाऐंशी लाख.

तिच्या कपाळाला आठी पडली. मला पुन्हा सरकवलं, पुन्हा आठ-सहा-सहा. एवढं कमी कसं? नेमकं दहापट कमी? "शून्य कुठं गेलं?" ती पुटपुटली आणि ओळीकडे बघितलं. ओळीत मध्येच एक जागा रिकामी होती.

वाळे अजून वाजत होते. सरू आईकडे टकमक बघत होती, ओठ घट्ट मिटून.

द्वारकेनं मला टाकलं. मी फरशीवर आपटले, माझी काच तडकली. तिनं सरूची हनुवटी धरून तोंड उघडलं आणि गालात दिसणारा चिंचोका करंगळीनं हळूच बाहेर ओढला. सरूनं भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून द्वारकेनं तिला छातीशी धरलं.

साळूबाई हंडा घेऊन आल्या. ऐकलं सगळं. हंडा ठेवला आणि भिंतीला टेकून बसल्या.

"बंद करते मी हे, आत्याबाई. राहू द्या परीक्षा."

"राहू द्या काय? नळ काय पळून चालला व्हता? म्या लेकरू कडंवर घेऊन जायला पायजे व्हतं. आण तिला इकडं. मी वसरीत बसते. उत्तर येईस्तोवर तू उठायची नाय. आन् त्या मंगळाला म्हणावं, लई छळलंस."

चिंचोके सुपात गेले. द्वारकेनं फरशीवरच खडूनं शून्यं काढली. तडकलेल्या काचेतून रेघ नीट दिसत नव्हती. तरी उत्तर आलं, आठ कोटी सहासष्ट लाख.

सोमवारी सरांनी आकडा बघितला. "अंदाज आधी घेतला होता?" "हो, सर." सरांनी सही केली. द्वारका घरी आली आणि बसल्या जागी झोपली. परीक्षा झाली, ती पास झाली, बिऱ्हाड पैठणला गेलं.

मी परत सरांच्या कपाटात आले. पुढे यंत्रं आली, कुणाला माझी गरज उरली नाही. काच कुणी बदलली नाही, आणि आता ती कुठं मिळायचीही नाही. मित्रांनो, अधूनमधून धूळ पुसलीत तरी मला पुरे. पण तुमच्या घरात कुणी आई पुस्तक उघडून बसली असेल, तर "आत्ताच काय काढलंस?" असं तिला विचारू नका. आणि लांबूनच "आमचं लक्ष आहे हं" असंही म्हणू नका. तिचं लेकरू कडेवर घ्या, ओसरीवर न्या. तिचं उत्तर येईपर्यंत खाली ठेवू नका.