माझ्या पोटातली तंबाखू

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, मित्रांनो, आणि मला किळस येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही तक्रार करणार नाही. या क्षणी माझ्या पोटात उंदरीण व्यायली आहे. जिथे माझी मोटर गुणगुणायची तिथे चार गुलाबी, आंधळी पिल्ले वळवळत आहेत. तुमच्यापैकी कोणाला ती गोड वाटत असतील, तर त्याने या माळ्यावर चढावे आणि एकदा वास घ्यावा. शी!

असल्या शेवटासाठी माझा जन्म झाला नव्हता. कलकत्त्याच्या एका कारखान्यात मला जोडले. सागवानी पेटी, निळ्या मखमलीची थाळी, पितळी कडी. मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाने मला विकत घेतले. त्याच्या बंगल्यात मला रोज पिवळ्या मऊ फडक्याने पुसत आणि सुईला तर लहान कुंचला असे. माणसाचे बोट माझ्या सुईला कधी लागले नाही. त्या दिवसांत मी फार शिष्ट झालो, हे कबूल करतो.

एकोणीसशे बहात्तर साली साहेबाची बदली झाली आणि सामान विकायला निघाले. करडी गावच्या केशवरावांनी मला तबकड्यांसकट उचलले. मुलीचे लग्न होते, मांडवात गाणी वाजायला हवीत म्हणून. त्या लग्नात माझ्या झाकणावर कोणी तरी मठ्ठ्याचा गंज ठेवला. तो सांडला. आंबट पाणी मखमलीत मुरले आणि तो वास पुढे दोन उन्हाळे गेला नाही. तेव्हा मी समजून चुकलो की आपले दिवस फिरले.

केशवराव बिडीचे सट्टेदार. म्हणजे गावातल्या बायांना तेंदूची पाने आणि तंबाखू द्यायची, त्यांच्याकडून बिड्या वळून घ्यायच्या आणि तुमसरच्या मोठ्या कंपनीला पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. घरामागे एक लांबलचक छपरी होती. तिथे वीस-बावीस बाया मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसत. केशवरावांच्या डोक्यात आले की गाणी लावली तर हात लवकर चालतील. झाले! माझी रवानगी छपरीत झाली.

मित्रांनो, तुम्ही कधी बिडीच्या छपरीत गेला आहात का? नसाल तर नशीबवान आहात. तंबाखूची बारीक धूळ तिथे हवेसारखी असते. ती माझ्या फटीफटीतून आत शिरली. बाया शिंकायच्या, खोकायच्या, आणि मधूनच कोणी उठून काळ्या पडलेल्या बोटांनी माझा सुईचा हात उचलायची. माझ्या अंगावर काटा यायचा. एखादीचा हात लागला की मी मुद्दाम सुई घसरवायचो. त्यातही कुंताबाईचा हात लागला की हटकून. तिची बोटे सगळ्यांत काळी होती, कारण ती सगळ्यांत जास्त बिड्या वळायची.

पण खरी शिसारी आणली ती गोपीचंदने. हा केशवरावांचा माणूस, वळलेल्या बिड्या तपासणारा. चांगल्या बिड्यासुद्धा "छाट!" म्हणून बाजूला फेकायचा आणि संध्याकाळी त्याच आपल्या खिशात घालायचा. तोंडात सदा पान. माझी सुई साफ करायची त्याची पद्धत ऐका. तो बोट जिभेवर फिरवायचा, आणि तेच लाल, ओले बोट माझ्या सुईवर! त्यापेक्षा पोटातली ही पिल्ले बरी.

सिनेमाच्या तबकड्या वर्षभरात वाया गेल्या. काही लोकांनी नेल्या त्या परत आणल्या नाहीत, काहींवर चरे पडले. उरली एकच, साहेबाची आवडती. तिच्या पुठ्ठ्यावर एका काळ्या, अंगाने भरलेल्या अमेरिकन बाईचा फोटो होता. समोरच्या दोन दातांत फट, आणि हसू असे की ती फट लपवायची तिला गरजच वाटत नव्हती. शाळेतले भोजराज गुरुजी एकदा केशवरावांकडे आले होते. त्यांनी पुठ्ठा वाचून सांगितले, "मेबल क्रॉस. या गाण्याले जॅझ म्हणतात." तेव्हापासून ती छपरीची मेबलबाई झाली.

पहिल्यांदा लावली तेव्हा बाया हसून हसून लोळल्या. ढोलकी नाही, पेटी नाही. एक जाडजूड तारेचे वाद्य धुमधुम चालते, झांज कुरकुरते, आणि त्यावर ही बाई रेंगाळत येते, कुठेही थांबते, कुठूनही उचलते. शब्द तर कोणालाच कळेना. पण दुपारपर्यंत सगळ्यांची बोटे त्या धुमधुमीवर चालू लागली. पान घे, तंबाखू घाल, वळ, दोरा गुंडाळ. केशवराव खूश झाले.

हसली नाही ती एकटी कुंताबाई. ती हातातले पान तसेच धरून बसली होती.

"इचा गळा तं माह्यासारखा आहे," ती म्हणाली.

आणि ते खरे होते. कुंताबाईचा आवाज खरखरीत, पुरुषासारखा जाड. चौदा एप्रिलला वस्तीतल्या बाया भीमगीते म्हणत, तेव्हा तिला मागे बसवत. "तू टाळ्या वाजव, कुंता, गाऊ नोको. आमचा सूर बिघडते." लहानपणापासून ती फक्त टाळ्या वाजवत आली होती. आणि इथे एक बाई तोच खरखरीत गळा घेऊन गात होती, आणि गाणे संपले की तबकडीतली शेकडो माणसे टाळ्यांचा कडकडाट करत होती.

त्या दिवसापासून कुंताबाई बिड्या वळताना हळूच गुणगुणायला लागली. गोपीचंदने ते ऐकले मात्र. "अवं कुंते, म्हैस हंबरून राहिली का तू?" म्हणाला आणि भिंतीवर पिचकारी मारली. छपरी हसली. मीही मनातल्या मनात हसलो, मित्रांनो. लपवून काय उपयोग?

शहात्तर साली गुरुजींनी एका इंग्रजी मासिकात बातमी वाचली आणि ते मुद्दाम छपरीत आले. मेबलबाईच्या गळ्याचे ऑपरेशन झाले होते. कित्येक वर्षे ती गायली नव्हती. आता बरी होती आणि नवी तबकडी काढणार होती.

"गळा कापल्यावर कोन गाते?" गोपीचंद म्हणाला. "संपली तुमची मेबलबाई."

कुंताबाईने सूप खाली ठेवले. "गाईन थे. आन् थे गायली तं मी बी गाईन. इथंच, सगळ्याइच्या समोर."

बोलून तर गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे मला वाटले. पण मग ती खरोखरच वाट पाहू लागली. गुरुजींचा मेहुणा कलकत्त्याच्या गाडीवर गार्ड होता, नवी तबकडी निघताच आणायला त्याला सांगून ठेवले. सायकलवरून गुरुजी जाताना दिसले की कुंताबाई छपरीच्या दारात उभी.

"आली का जी?"

"नाही अजून, कुंताबाई."

"बरी तं आहे ना थे?"

दोन वर्षे हेच. बायांनाही नाद लागला. नव्या तबकडीत कसली गाणी असतील यावर वाद होऊ लागले. म्हातारी धुरपता म्हणायची, "आता तिले सून आली असंल, तं रडगानंच असंल पाहा." आणि गोपीचंद रोज विचारायचा, "काय कुंते, कधी हाये तुहा कार्यक्रम?" कुंताबाई जुनी तबकडी रोज दोनदा लावायची, त्याच काळ्या बोटांनी, आणि मी रोज सुई घसरवायचो.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात आठ दिवस झड लागली होती. त्या झडीत गुरुजी तुमसर रोडच्या स्टेशनवरून सायकलने येत होते, बगलेत ती नवी तबकडी. वाटेत धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, सायकल घसरली आणि गुरुजी पुडक्यासकट चिखलात पडले. छपरीत आले तेव्हा पुठ्ठ्यातून पाणी ठिबकत होते. त्यांना शाळेची घाई होती.

"शाळा सुटल्यावर येतो, मग लावू," ते म्हणाले. "तोवर कोरडी करून ठेवा, कुंताबाई."

आता ऐका. बिडीच्या छपरीत ओली वस्तू कोरडी करायची एकच रीत असते. ओली बिडी कोणी घेत नाही, म्हणून पावसाळ्यात छपरीच्या कोपऱ्यात भट्टी पेटलेली असते. वर तारेच्या जाळीचे खण, त्यांत बिड्या शेकतात. कुंताबाईने तबकडी पदराने पुसली, दोन्ही बाजूंनी, न्हाऊ घातलेल्या लेकराला पुसावे तशी. मग सगळ्यांत वरचा खण रिकामा केला, जिथे आच मंद असते आणि पहिल्या नंबरच्या बिड्या ठेवतात. तिथे ती तबकडी ठेवली आणि समाधानाने कामाला बसली.

मी सगळे पाहत होतो. मला ओरडता येत नव्हते हे खरे. पण मित्रांनो, मी मनात काय म्हटले तेही सांगतो. मी म्हटले, असल्या अडाणी हातांची हीच लायकी.

संध्याकाळी गुरुजी आले. कुंताबाईने खणातून तबकडी काढली. कडा पापडासारख्या वरखाली झाल्या होत्या.

गुरुजींचा चेहरा पडला. "अवं कुंताबाई... हे काय केलं?"

"तुमीच म्हनले ना जी, कोरडी कर." ती तबकडीकडे पाहत राहिली. "मी तं वरच्या खनात ठेवली होती. मंद आचेवर."

गोपीचंद पोट धरून हसला. "भाजली! दोन वर्षं वाट पाह्यली आन् मेबलबाईले भाजून काढली! मीठ लाव आता, कुंते!" त्याच्या तोंडातला लाल थेंब उडून माझ्या मखमलीवर पडला. मला त्याची इतकी किळस आली की काय सांगू. आणि लगेच कळले की तो जे मोठ्याने बोलला, तेच मी दुपारी मनात बोललो होतो. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी पान खात नव्हतो. मला माझीच शिसारी आली. ती सगळ्यांत वाईट, कारण ती फडक्याने पुसता येत नाही.

कुंताबाई रडली नाही. म्हणाली, "लावून तं पाहा जी."

गुरुजींनी लावली. पहिल्याच फेरीत कडेने माझी सुई हवेत उडवली. दुसऱ्यांदा तेच. मग गुरुजींनी सुई आत, मधल्या कागदाजवळ ठेवली, जिथे शेवटचे गाणे असते. तिथे लाटा कमी होत्या, पण होत्याच. सुई पुन्हा उडाली.

तेव्हा कुंताबाई पुढे आली आणि तिने आपले बोट माझ्या हातावर टेकवले. तेच काळे बोट. सहा वर्षे ज्याला मी झिडकारले, ते बोट इतके हलके होते! नाही तरी तेंदूचे पान न फाटू देता दिवसभर वळणारे बोट ते. तबकडी वर आली की ते वर यायचे, खाली गेली की खाली जायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा जीव तोडून सुई धरून ठेवली.

आणि मेबलबाई गायली. गळ्यात आता नुसती खर नव्हती, भेगा होत्या. आवाज वाकड्या तबकडीवर डुलत होता, मधेच तुटत होता, पण ती थांबत नव्हती. "गाऊन राहिली वो!" धुरपता कुजबुजली. "गळा कापला तरी गाऊन राहिली!"

अर्ध्या गाण्यात एक मोठी लाट आली. मला नाही धरता आले. सुई घसरली आणि मधल्या कागदावर खरखरत बसली.

पण गाणे बंद पडले नाही. क्षणभर कोणाच्या लक्षातच आले नाही की आता कुंताबाई गात आहे. मेबलबाईने जिथे सोडले तिथूनच तिने उचलले. शब्द नव्हते, नुसता तो जाड, खरखरीत गळा, डोळे मिटलेले, आणि बोट अजून माझ्या हातावर. तिने ते गाणे सावकाश शेवटापर्यंत नेले आणि खाली ठेवले.

गोपीचंदने तोंड उघडले होते. पण त्याआधीच धुरपताने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. वीस-बावीस जणींचे तंबाखूने भरलेले हात! काय धूळ उडाली म्हणता! छपरीत समोरचे दिसेना. ती सगळी धूळ माझ्यावर बसली, थाळीवर, सुईवर, पार पोटापर्यंत. बाया शिंकत होत्या, हसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. आणि मला, मित्रांनो, किळस आली नाही.

पुढच्या चौदा एप्रिलला कुंताबाई मागे बसली नाही. मी काही वर्षे आणखी चाललो. पंच्याऐंशीत केशवरावांनी टेपरेकॉर्डर आणला आणि मला माळ्यावर टाकले. ती वाकडी तबकडी कुंताबाईने मागून नेली.

आता माझे एक मागणे आहे. कधी काळी तुमच्यापैकी कोणी या माळ्यावर चढलाच, तर मला खाली न्या. उंदरांची घाण काढा. मखमलीवरचा तो पानाचा डाग घासून घासून काढा. मोटरला दोन थेंब तेल घाला, नवी सुई लावा, आणि कोणाचा गळा खरखरीत असला म्हणून त्याला हसू नका. पण थाळी उचलाल तेव्हा तिच्याखाली चिमूटभर तंबाखू दिसेल. तिला फडके लावू नका. तेवढी राहू द्या.